भाषण नंतर लिहा, आधी प्रश्न लिहा

प्रश्न असा आला आहे : "राज्यशास्त्रात एम.ए. करून मी गेल्या महिन्यात पहिल्यांदाच निवडून आलेल्या एका लोकसभा खासदारांच्या कार्यालयात रुजू झाले. साहेबांना फक्त रस्ते, गटारं आणि रेल्वेथांब्यांवर बोलायचं नाही. देशाची सुरक्षा आणि सामाजिक प्रश्न यांवर आवाज उठवायचा आहे. चीनची सीमा, सागरी किनारा, माजी सैनिक, सफाई कामगार अशी यादी देऊन त्यांनी मला बारा पानी भाषण लिहायला सांगितलंय. सुरुवात कुठून करू?"

बारा पानं लिहू नका. पहिल्या टर्मच्या खासदाराला ती वाचायला कुणी वेळ देणार नाही. चर्चेची वेळ पक्षाच्या संख्याबळावर वाटली जाते. त्यातला मोठा वाटा ज्येष्ठांकडे जातो आणि नवख्याच्या पदरात चार-पाच मिनिटं पडली तरी नशीब. शून्य प्रहरात, म्हणजे तातडीचे मुद्दे मांडायच्या वेळेत, तर दोन-तीन मिनिटं, मग घंटी, मग माइक बंद. तीन मिनिटांत मराठीत जेमतेम साडेतीनशे शब्द होतात. मी बावीस वर्षं खासदारांच्या कार्यालयात काढली, दोन वेगवेगळ्या पक्षांच्या तीन साहेबांकडे, सत्तेत आणि विरोधातही. त्याआधी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात एका आमदारांच्या लक्षवेधी सूचना टाइप करायचो. तेव्हापासून एक सवय लागली आहे. भाषण कितीही गाजो, सरकारला त्यापायी कागदावर काय लिहून द्यावं लागलं, तेवढंच मी बघतो. काहीच लिहून द्यावं लागलं नसेल तर ते भाषण मतदारसंघातल्या व्हॉट्सॲप ग्रुपपुरतं.

म्हणून आधी प्रश्न. आणि प्रश्नात सगळी मेख शब्दात असते. दोन खरी उदाहरणं देतो, एक सुरक्षेचं आणि एक सामाजिक.

जून २०२० मध्ये गलवानला आपले २० जवान शहीद झाले. १५ सप्टेंबरला संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी लोकसभेत निवेदन केलं. चीनने पूर्व लडाखमध्ये मोठ्या प्रमाणावर सैन्य आणि दारूगोळा जमवल्याचं त्यांनी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी राज्यसभेत गृह मंत्रालयाने लेखी उत्तर दिलं की गेल्या सहा महिन्यांत भारत-चीन सीमेवर घुसखोरीची एकही नोंद नाही. देशभर गदारोळ झाला. पण प्रश्न विचारणाऱ्याने शब्द कोणता वापरला होता ते पाहा : 'घुसखोरी'. सरकारी भाषेत हा शब्द चोरून सीमा ओलांडणाऱ्या अतिरेक्यांसाठी आहे. दुसऱ्या देशाचं सैन्य प्रत्यक्ष नियंत्रण रेषेच्या अलीकडे आलं तर त्याला सरकार वेगळा शब्द वापरतं, उल्लंघन किंवा अतिक्रमण. तो विषय संरक्षण मंत्रालयाकडे जातो. म्हणजे प्रश्न गृह खात्याला गेला, शब्द अतिरेक्यांचा होता आणि उत्तर त्या शब्दापुरतं अचूक आलं. उत्तर लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने खोटं काही लिहिलं नाही. त्याने पळवाट शोधली असंही मी म्हणणार नाही, कारण वाट आपणच मोकळी ठेवली होती.

दुसरं उदाहरण जुलै २०२१ चं. राज्यसभेत प्रश्न आला की हाताने मैला साफ करताना किती जण मेले. सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांचं लेखी उत्तर होतं की अशा मृत्यूंची नोंद नाही. पुन्हा गदारोळ. त्याच सुमारास त्याच मंत्रालयाच्या दुसऱ्या उत्तरात गटारं आणि सेप्टिक टाक्या साफ करताना मेलेल्यांचा आकडा आला, ९४१. एकाच खात्याची दोन उत्तरं, आणि दोन्ही हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याला धरून. त्या कायद्यात हाताने मैला उचलण्याची व्याख्या वेगळी आहे आणि गटार व टाकीच्या 'धोकादायक सफाई'ची वेगळी. विषारी वायूने गुदमरून माणूस टाकीत मरतो तेव्हा कायद्याच्या पुस्तकात तो दुसऱ्या रकान्यात मोडतो. तुमच्या यादीत सफाई कामगार आहेत, तेव्हा हा कायदा आजच छापून घ्या आणि कलम २ मधल्या व्याख्या पेन्सिलने खूण करून वाचा. नंतर प्रश्नात दोन्ही रकाने घाला. किती मृत्यू, किती कुटुंबांना नुकसानभरपाई मिळाली, किती कंत्राटदारांवर गुन्हे नोंदले, किती प्रकरणांत शिक्षा झाली, राज्यनिहाय. शेवटचा उपप्रश्न सगळ्यात बोचरा असतो. तो कधीही गाळू नका.

आता तिसरी अडचण, जिच्यापाशी नव्या लोकांचं घोडं हमखास पेंड खातं. गृह खात्याला काहीही विचारा, उत्तराची पहिली ओळ ठरलेली : "संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार 'पोलीस' व 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे राज्यांचे विषय आहेत." त्यानंतर दीड पानभर केंद्र सरकारच्या योजनांची नावं. मी सुरुवातीला या उत्तरांवर चिडायचो. पुढे कळलं की चूक प्रश्नाची आहे. अमली पदार्थांची विक्री का वाढली असं विचारलं की चेंडू राज्याकडे जातो. केंद्राच्या यंत्रणेत मंजूर पदं किती, भरलेली किती, केंद्राने राज्याला दिलेला निधी किती, त्यातला खर्च किती, उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) आलं का, असं विचारलं की चेंडू टोलवायला जागा उरत नाही. केंद्राचा पैसा, केंद्राची माणसं, केंद्राचा कायदा, केंद्राने गोळा केलेली आकडेवारी, या चारांपैकी एकाला तरी प्रश्न बांधलेला हवा.

किनाऱ्याचं उदाहरण घ्या, कारण ते आपल्या घरचं आहे. २६ नोव्हेंबर २००८ ला दहा जण समुद्रातून आले आणि मुंबईत उतरले. पण सागरी सुरक्षेची केंद्राची योजना त्याच्या तीन वर्षं आधीपासून चालू होती! पहिल्या टप्प्यात ७३ सागरी पोलीस ठाणी आणि २०४ वेगवान नौका मंजूर होत्या. कागदावर किनारा झाकलेला होता. हल्ल्यानंतर ११ डिसेंबरला लोकसभेत चर्चा झाली, भाषणं जोरदार झाली आणि महिना संपायच्या आत राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदाही झाला. ते व्हायलाच हवं होतं. पण २००६ किंवा २००७ मध्ये कुणी नेटाने एवढंच विचारत राहिलं असतं, की मंजूर नौकांपैकी किती मिळाल्या, मिळालेल्यांपैकी किती आज चालू आहेत, चालवायला प्रशिक्षित माणसं किती, इंधनाची तरतूद किती आणि गेल्या वर्षात त्या समुद्रात किती तास होत्या, तर निदान दुखणं कुठे आहे ते वेळेवर कागदावर आलं असतं. हल्ला टळला असता असा दावा मी करत नाही.

पुढे मी कोकणातल्या एका साहेबांकडे असताना असाच प्रश्न पाठवला होता. पहिलं उत्तर आलं त्यात फक्त मंजूर नौकांचा आकडा. दुसऱ्या अधिवेशनात "किती चालू आहेत" हा एकच उपप्रश्न वेगळा काढून पाठवला. उत्तर आलं, "माहिती गोळा करण्यात येत असून सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल." साहेब वैतागले, मी पेढे मागवले. त्यांना कारण समजावून सांगावं लागलं, तेच तुम्हालाही सांगतो. हे वाक्य म्हणजे टाळाटाळ वाटते, पण संसदेच्या हिशेबात ते 'आश्वासन' ठरतं. त्याची नोंद होते आणि ते तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं. झालं नाही तर मंत्रालयाला मुदतवाढ मागावी लागते आणि शासकीय आश्वासन समिती सचिवांना बोलावून जाब विचारू शकते. खासदाराच्या आरडाओरड्याला सचिव भीत नाही. या समितीच्या पत्राला भितो. तुमच्या कार्यालयात एक वही फक्त आश्वासनांची ठेवा : तारीख, प्रश्न क्रमांक, वाक्य, मुदत.

कामकाजाचे नियम थोडक्यात. लोकसभेत तारांकित प्रश्न दिवसाला २०, अतारांकित (ज्यांना फक्त लेखी उत्तर मिळतं) २३०. सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यायची आणि क्रम सोडतीने लागतो. प्रश्न शक्यतो दीडशे शब्दांच्या आत बसवायचा. खात्यांचे वार ठरलेले असतात. गेली कित्येक वर्षं लोकसभेत गृह मंगळवारी आणि संरक्षण शुक्रवारी येतं. तारांकितात मंत्री उभे राहून उत्तर देतात आणि मूळ प्रश्नकर्त्याला दोन पुरवणी प्रश्न विचारता येतात. म्हणून सगळ्यांचा डोळा त्यावर. पण प्रश्नोत्तराच्या तासाभरात मोजकेच तारांकित प्रश्न पुकारले जातात. २७ नोव्हेंबर २०१९ ला सगळे २० झाले तर १९७२ नंतर पहिल्यांदा असं घडलं म्हणून बातमी झाली. नवख्यांनी अतारांकिताला हलकं समजू नये. आकडे तिथेच मिळतात, आणि भाषणात घालायला सरकारच्याच तोंडचे आकडे हवेत. वर्तमानपत्रातला आकडा वाचला की समोरून "स्रोत काय?" येतं. मंत्रालयाच्या उत्तराचा क्रमांक आणि तारीख वाचली की समोरचे बाक गप्प होतात.

साहेब सत्ताधारी पक्षाचे आहेत की विरोधी, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्याने बराच फरक पडतो. सत्ताधारी खासदाराने सुरक्षेवर अडचणीचा प्रश्न विचारला की संध्याकाळपर्यंत पक्षातून फोन येतो. अशांसाठी स्थायी समिती ही खरी जागा. खात्यांशी निगडित या समित्या १९९३ पासून आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. बैठक बंद दाराआड होते, कॅमेरा नसतो, पक्षाचा व्हीप (कसं वागायचं याचा आदेश) नसतो आणि टाळ्याही नाहीत. माणसं तिथे कामाचं बोलतात. मार्च २०१८ मध्ये संरक्षण समितीच्या अहवालातून सगळ्या देशाला कळलं की लष्कराची ६८ टक्के सामग्री जुनाट वर्गात मोडते, २४ टक्के चालू काळातली आणि फक्त ८ टक्के अत्याधुनिक. ही साक्ष लष्कराच्या उपप्रमुखांनी समितीसमोर दिली होती. अध्यक्ष होते मेजर जनरल (निवृत्त) भुवनचंद्र खंडुरी, सत्ताधारी भाजपचेच. एवढा झणझणीत कागद विरोधी पक्षाच्या दहा भाषणांतून निघाला नसता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये समित्यांची फेररचना झाली आणि अध्यक्षपद त्यांच्याकडे राहिलं नाही. त्याचा अर्थ ज्याने त्याने लावावा. तुमच्यासाठी सूचना एवढीच की अहवाल पटलावर येण्याआधी समितीतलं एक अक्षरही बाहेर जाता कामा नये, मित्र पत्रकाराकडेसुद्धा नाही. तो हक्कभंग होतो.

माजी सैनिकांसाठी आणखी एक दुर्लक्षित दार आहे, याचिका समिती. 'समान पद, समान निवृत्तिवेतन' ही मागणी जुनी, मोर्चे झाले, उपोषणं झाली. पण तिला कागदाचं वजन आलं ते डिसेंबर २०११ मध्ये, राज्यसभेच्या याचिका समितीने ती मान्य करावी असा अहवाल दिला तेव्हा. समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी. आपल्याकडे लोकांना ते राज्यपाल म्हणून, आणि वेगळ्याच कारणांनी, आठवतात. पुढे नोव्हेंबर २०१५ मध्ये आदेश निघाला आणि १ जुलै २०१४ पासून योजना लागू झाली. आदेशात काय राहिलं यावर पुढेही वाद झाले आणि ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तरी वादात माजी सैनिक ज्या व्याख्येकडे बोट दाखवत होते ती कोश्यारी समितीच्या अहवालातली होती. सातारा, कोल्हापूर, सांगली या पट्ट्यातून साहेब असतील तर गावोगावच्या माजी सैनिकांची पत्रं तुमच्याकडे येतच असतील. त्यातली सही-शिक्क्याची, नेमकी पत्रं वेगळी काढा. याचिका त्यातूनच उभी राहते.

खासगी विधेयकाचा, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडायच्या विधेयकाचा, मोह साहेबांना होईल. होऊ द्या, मांडा, पण कायदा होईल या आशेवर नको. स्वातंत्र्यानंतर अशी १४ विधेयकं कायदा झाली आणि शेवटचं १९७० मध्ये. तरीही एप्रिल २०१५ मध्ये द्रमुकचे खासदार तिरुची शिवा यांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं विधेयक राज्यसभेने मंजूर केलं. लोकसभेत ते अडकलं, पण सरकारला स्वतःचं विधेयक आणावं लागलं आणि २०१९ मध्ये कायदा झाला. तो शिवांच्या मसुद्याहून बराच पातळ होता, हेही खरं. आपल्या राजापूरच्या नाथ पैंचं उदाहरण आणखी जुनं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९६७ च्या गोलकनाथ निकालानंतर संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार परत मिळावा म्हणून त्यांनी खासगी विधेयक आणलं. ते मंजूर झालं नाही. पण त्यावर इतकी चर्चा झाली की घटना शिकवणारे आजही ते 'नाथ पै विधेयक' म्हणूनच सांगतात.

सुरक्षेवर बोलताना "आत्ता बोलणं देशहिताचं आहे का?" हा टोमणा येणारच. साहेब त्याने दबले तर त्यांना १९६२ सांगा. युद्ध चालू असताना राज्यसभेतल्या तरुण वाजपेयींनी अधिवेशन लवकर बोलवा अशी मागणी केली आणि नेहरूंनी ८ नोव्हेंबरला ते बोलावलं. अरुणाचलात चिनी सैन्य घुसलेलं होतं आणि संसदेत खुली चर्चा चालू होती. बैठक गुप्त घ्यावी अशी सूचनाही काही सदस्यांनी केली होती, ती नेहरूंनी मानली नाही. गुप्त बैठकीची तरतूद लोकसभेच्या नियमांत, नियम २४८ मध्ये, आजही आहे. ती कधी वापरली गेलेली नाही. हिमालयाच्या मदतीला धावलेले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि सप्टेंबर १९६३ मध्ये त्यांनी पराभवाच्या चौकशीचा गोषवारा लोकसभेत ठेवला. त्या चौकशीचा मूळ हेंडरसन ब्रूक्स अहवाल मात्र सरकारने आजवर जाहीर केलेला नाही, मग सरकार कुणाचंही असो.

याचा अर्थ काहीही बोलावं असा नाही. अनुच्छेद १०५ मुळे सभागृहातल्या बोलण्यावर खटला होत नाही, पण सभापती शब्द कामकाजातून काढू शकतात आणि काढलेल्या शब्दांची क्लिप तुमच्या कार्यालयाने टाकली तर ते संरक्षण तुम्हाला नाही. सीमेवरच्या जवानाने साहेबांना फोनवर सांगितलेलं ठिकाण, तुकडी, संख्या हे भाषणात घालू नका. "सीमेवरील रस्त्यांची मंजूर लांबी आणि पूर्ण झालेली लांबी" एवढं विचारलं तरी तेच दुखणं बाहेर येतं. अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेचं नाव, गाव, शाळा काहीच नको, आईबापांनी परवानगी दिली तरीही नको. आणि प्रश्न टाकायच्या संसदेच्या पोर्टलचा पासवर्ड व ओटीपी साहेबांपाशीच राहू द्या. डिसेंबर २०२३ मध्ये एका खासदाराचं सदस्यत्व गेलं, त्या प्रकरणाच्या मुळाशी लॉगिन दुसऱ्याच्या हाती देणं होतं. साहेब म्हणतील, "अगं, तूच टाक ना." नम्रपणे फोन त्यांच्या हातात द्या.

भाषणाबद्दल आता. ते तीन मिनिटांचं लिहा. एका ठिकाणापासून सुरू करा, जिथे साहेब स्वतः जाऊन आलेत अशा. मग सरकारच्याच उत्तरातला एक आकडा. मग एक मागणी, मंत्र्याला होय किंवा नाही म्हणता येईल इतकी नेमकी. शेर, सुविचार आणि "मैं आपके माध्यम से" हे तिनदा, एवढ्यात एक मिनिट जातं. साहेबांची हिंदी अडखळत असेल तर मराठीत बोलू द्या. आधी कळवलं की दुभाषाची सोय होते. अडखळत्या हिंदीपेक्षा ठाम मराठी सभागृहात जास्त ऐकली जाते, हे मी गॅलरीत बसून पाहिलंय. वेळ मिळालाच नाही तर लोकसभेच्या नियम ३७७ खाली अडीचशे शब्दांत तोच मुद्दा द्या. त्याला मंत्रालयाकडून लेखी उत्तर येतं.

अधिवेशनाला अजून वेळ असेल तर या आठवड्यात एवढं करा. साहेबांच्या यादीतले चार विषय घ्या आणि प्रत्येकावर गेल्या पाच वर्षांत दोन्ही सभागृहांत आलेली उत्तरं संकेतस्थळावरून उतरवून काढा. किमान शंभरेक निघतील. त्यात सरकारने कुठे 'नोंद नाही', 'माहिती ठेवली जात नाही', 'राज्यांचा विषय' म्हटलंय ती वाक्यं लाल पेनाने अधोरेखित करा. त्यातली सगळ्यात विचित्र वाटणारी तीन निवडा आणि साहेबांसमोर ठेवा. बारा पानांचं काय झालं असं त्यांनी विचारलं, तर ही तीन वाक्यं वाचून होईपर्यंत थांबा म्हणावं.